हंगामाला तारीख हवी (मैदानाच्या कडेने : लेखांक ७)

मागच्या लेखांकात आपण ऑफसाइडचा नियम समजून घेतला. आज नियमांच्याही आधीची गोष्ट घेऊ. ती म्हणजे हंगाम.

वसईत हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पाचूबंदर, नायगाव, अर्नाळ्याच्या होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. समुद्रावर जायचं नाही. पण ही बंदी कधी लागणार आणि कधी उठणार हे घराघरांत ठाऊक असतं, म्हणून सुक्या मासळीची बेगमी होते, फाटकी जाळी दुरुस्त होतात, इंजिनाची कामं उरकून घेतली जातात. दोन महिने कमाई नसते, तरी माणसं धीराने बसतात, कारण पुढची तारीख हातात असते.

आपल्या व्यावसायिक फुटबॉलला गेल्या वर्षी ही तारीखच नव्हती. १२ एप्रिल २०२५ रोजी कोलकात्यात मोहन बागानने बंगळुरू एफसीला २-१ असं हरवलं आणि इंडियन सुपर लीगचा हंगाम संपला. लीगचा त्यानंतरचा पहिला सामना झाला १४ फेब्रुवारी २०२६ रोजी. म्हणजे ३०८ दिवसांनी. माझा पुतण्या सोळा वर्षांचा आहे, गावच्या चर्चच्या मैदानावर डावा बॅक खेळतो. "काका, मुंबई सिटीची मॅच कधी?" हा त्याचा प्रश्न मी पावसाळाभर ऐकला, गणपतीत ऐकला, नाताळातही ऐकला. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे असं का झालं, ते नीट पाहू. २०१० साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यावसायिक हक्क पंधरा वर्षांसाठी रिलायन्स समूहाकडे दिले. लीग चालवायची, प्रक्षेपण आणि जाहिराती विकायच्या, आणि महासंघाला वर्षाला ५० कोटींच्या आसपास द्यायचे, असा तो व्यवहार. त्याची मुदत ८ डिसेंबर २०२५ ला संपत होती. लीग एरवी चालायची साधारण सप्टेंबर ते एप्रिल-मे. म्हणजे हंगाम एका करारात सुरू झाला असता आणि मध्यावर करारच उरला नसता. म्हणून जुलै २०२५ मध्ये लीग चालवणाऱ्या कंपनीने क्लबांना कळवलं की हंगाम स्थगित. त्याच सुमारास महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता आणि निकाल लागेपर्यंत नवा करार करता येत नव्हता. निकाल १९ सप्टेंबरला लागला. मग निविदा निघाली, आणि नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. शेवटी ६ जानेवारीला केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं की १४ क्लबांची लीग १४ फेब्रुवारीला सुरू होईल.

न्यायालय, निविदा, कंपनी हे सगळं खरं आहे. तरीही माझ्या मते दोष महासंघाचाच. करार संपण्याची तारीख त्यांना पंधरा वर्षं आधी माहीत होती. वसईतला कुठलाही नाखवा ३१ मेच्या रात्री बंदीची बातमी ऐकून दचकत नाही.

आता बेसबॉलकडे येतो. या लेखमालेचे काही वाचक विचारतात, हा खेळ मध्येच कशाला? कारण हंगाम कसा बांधावा हे शिकायचं तर त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडत नाही. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येकाचे १६२ सामने. मार्चअखेर सुरुवात, सप्टेंबरअखेर साखळी पूर्ण, ऑक्टोबरात बाद फेरी. कुणाचा सामना कुठे हे आदल्या वर्षीच छापून तयार असतं. जवळजवळ रोज सामना असल्यामुळे एका दिवसाच्या हरण्याने कुणी कोलमडत नाही, आणि सहा महिन्यांत कुणाचं नुसतं नशीबही टिकत नाही. चांगला संघही साठ-पासष्ट सामने हरतो. खेळाडूची खरी किंमत ठरते ती या लांबीमुळे.

तिथेही हे गणित मोडलेलं आहे. १९९४ च्या ऑगस्टमध्ये खेळाडू संपावर गेले आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिकाच रद्द झाली. खेळाडू आणि मालक यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो आहे, आणि तिकडचे चाहते आतापासून त्याबद्दल बोलत आहेत. तारीख माहीत असली की काळजीही वेळेवर करता येते.

गेल्या वर्षीची वर्ल्ड सिरीज मी पहाटे उठून पाहिली. सातवा आणि शेवटचा सामना आपल्याकडे रविवारी, २ नोव्हेंबरला सकाळी साडेपाचला सुरू झाला. टोरंटोमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सने अकराव्या डावात ५-४ अशी बाजी मारली. डॉजर्स पैशाच्या जोरावर जिंकतात असं म्हणणाऱ्यांना मी त्यांचा पिचर योशिनोबू यामामोतो याचं नाव सांगतो. आदल्याच रात्री त्याने सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकले होते. पिचरला एवढ्यानंतर चार-पाच दिवस विश्रांती देतात. हा गडी दुसऱ्या दिवशी पुन्हा आला आणि सामना संपवूनच मैदानाबाहेर गेला. त्याच दिवशी नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. मध्यरात्री वसईत फटाके वाजत होते. खेळाच्या चाहत्याच्या आयुष्यात असा दिवस पुन्हा येईल की नाही, सांगता येत नाही.

बेसबॉलकडून घ्यायची दुसरी गोष्ट म्हणजे शिडी. मेजर लीगच्या खाली चार पायऱ्यांवर १२० संघ आहेत, आणि त्यांच्याही खाली नवशिक्यांची लीग. २००८ साली उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेक करणारे दोन तरुण एका स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. त्याआधी त्यांनी बेसबॉल हातातही धरला नव्हता. तरी त्यांना उभं करायला तिथे एक पायरी होती. माझ्या पुतण्याने चर्चच्या मैदानावरून वर चढायचं तर दुसरी पायरी कोणती? गावोगावच्या स्पर्धा आहेत, भाड्याचे टर्फ आहेत, पुढे अंधेरीपर्यंत मोकळी जागा आहे.

म्हणूनच अंधेरीचा मुंबई सिटी क्लब टिकायला हवा. मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये साखळीतल्या अव्वल संघाची शील्ड आणि बाद फेरीतला चषक एकाच हंगामात जिंकले. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं, तेव्हा आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. विजयी हेडर होता मुंबईच्या राहुल भेकेचा. मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला त्यांच्याच घरी ३-१ हरवलं. त्यानंतर उतार लागला. मार्च २०२५ मध्ये बंगळुरूत ०-५ अशी हार झाली, आणि डिसेंबरात सिटी फुटबॉल ग्रुप या परदेशी गुंतवणूकदाराने क्लबमधला आपला वाटा सोडला. लीगचं भवितव्यच अनिश्चित असेल तर परदेशी गुंतवणूकदार थांबणार कशाला?

मुंबईच्या नावाचा एक बेसबॉल संघही आता आहे. तो मुंबई कोब्राज, आणि त्याची लीग दुबईतल्या एकाच मैदानावर चालते. जाऊन पाहता येत नाही त्या संघावर जीव जडत नाही, असं माझं मत आहे.

यंदाच्या फुटबॉल हंगामाबद्दलही स्पष्ट बोलतो. प्रत्येक क्लबाला फक्त १३ सामने. मागच्या वेळी २४ होते. दोन-तीन सामने बिघडले की सावरायला वेळच नाही. यंदाची शील्ड कुणीही उचलो, मी तिला आधीच्या शील्डच्या बरोबरीने मोजणार नाही. २०२० मध्ये साथीमुळे बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाचे ६० सामनेच झाले आणि डॉजर्स जिंकले. ते विजेतेपद अर्ध्या हंगामाचं, हे टोमणे त्यांना २०२४ ला पुन्हा जिंकेपर्यंत ऐकावे लागले.

तरी मैदान रिकामं राहता कामा नये. वसई-विरारकरांनो, मुंबई सिटीच्या घरच्या सामन्याची तारीख बघा, लोकलने अंधेरीला उतरा, मेट्रोने आझाद नगरला जा, तिथून क्रीडासंकुल चालत जाण्याएवढं जवळ आहे. घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला सोबत न्या. आणि महासंघाला एवढंच सांगणं आहे : १ जूनला आमच्या होड्या किनाऱ्याला लागायच्या आत पुढच्या हंगामाची तारीख जाहीर करा.