आधी मागणी, मग छपाई : छोट्या व्यायामशाळांच्या पोशाखाचा नवा व्यवसाय

माल पडून राहण्याचे भय आपल्या भागातील पेढ्यांना नवे नाही. निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याने तर हे भय पिढ्यान्‌पिढ्या पचविले आहे. विडीचा तंबाखू वखारीत नीट राखला म्हणजे बऱ्या भावाची वाट पाहता येते; धीर धरणे हाही त्या व्यापारातील भांडवलाचाच एक भाग होय. परंतु आज आपल्या घरांतील काही तरुण ज्या लहानशा व्यवसायाकडे आशेने पाहत आहेत, त्याचा स्वभाव नेमका उलट आहे. एखाद्या व्यायामशाळेचे नाव छापलेला टीशर्ट वखारीत ठेवून त्याचा भाव कधीही वाढत नाही. तो त्या शाळेच्या सभासदावाचून दुसऱ्या कोणाच्याही उपयोगाचा नसतो. म्हणून ह्या व्यवसायाचे गणित व्यापारी बंधूंपुढे मांडण्याचे योजिले आहे.

शरीरसाधना ह्या सीमाभागास परकी नव्हे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबागचे कुस्ती मैदान १९१२ साली पूर्ण झाले. मात्र तालमीतील मल्लास लंगोट व तांबडी माती पुरत असे. कापड-व्यापाऱ्यास तेथे फारसे काम नव्हते. पुढे कोल्हापूरच्या तालीम मंडळांचे फुटबॉल संघ आपापल्या रंगांच्या जर्सीत मैदानावर उतरू लागले आणि पोशाख हीच मंडळाची ओळख ठरली. अमेरिकेतही असेच घडले. जो गोल्ड ह्यांनी १९६५ साली कॅलिफोर्नियातील व्हेनिस येथे काढलेल्या व्यायामशाळेचे नाव पुढे तिच्या टीशर्टांमुळे जगभर पोहोचले. आता बेळगाव व निपाणीसारख्या गावांतील लहान जिम आणि योगवर्ग ह्यांनाही आपल्या नावाचा पोशाख असावा असे वाटणे स्वाभाविक आहे.

अडचण येते ती संख्येची. पूर्वापार चालत आलेल्या स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगासाठी निराळी चौकट तयार करावी लागते. तो खर्च एका नगासाठी व शंभर नगांसाठी सारखाच. सबब शंभर छापणे स्वस्त व पाच छापणे महाग. साठ सभासदांच्या जिमला पाच मापे व तीन रंग हवे असले तर पंधरा प्रकार होतात. कोणते माप किती खपेल, ह्याचा अंदाज अनुभवी व्यापाऱ्यासही चकवतो.

मागणीनुसार छपाईत हा क्रम उलटतो. दुकानात कोरा माल ठेवावयाचा आणि मागणी व पैसे हाती आल्यावरच छापावयाचे. हल्लीच्या डीटीएफ पद्धतीत चित्र प्रथम एका पारदर्शक फिल्मवर छापतात, त्यावर चिकट भुकटी पसरून ती तापवितात व हीट प्रेसखाली ते चित्र कापडावर उतरवितात. चौकट नसल्यामुळे एक नगही छापता येतो. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट एवढीच की, कोरा टीशर्ट सहसा मरत नाही, छापलेला मरतो. कोरा आज एका जिमला, उद्या दुसऱ्या जिमला, परवा एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला चालतो.

आता एक काल्पनिक हिशेब पाहू. समजा, एकदम शंभर नग छापून घेतल्यास नगास १६० रुपये पडतात, मागणीनुसार छापल्यास २२० रुपये, आणि विक्री ३०० रुपयांनी होते. शंभरही नग खपले तर पहिल्या रीतीत १४,००० व दुसरीत ८,००० रुपये सुटतात. परंतु साठच खपले तर पहिल्या रीतीत २,००० रुपयेच हाती राहतात आणि चाळीस नग गळ्यात पडतात. दुसऱ्या रीतीत ४,८०० रुपये मिळतात व छापील माल एकही उरत नाही. दोन्ही रीती साधारण त्र्याहत्तराव्या नगाशी समान होतात. तेवढी विक्री निश्चित असेल तर एकगठ्ठा छापावे. नसेल तर मोह आवरावा.

मालाची पारखही हवी. आपल्या शेजारच्या इचलकरंजीची कीर्ती मागावर विणलेल्या कापडाची; टीशर्टाचे कापड होजिअरीच्या विणीचे असते व त्याची मोठी पेठ तमिळनाडूतील तिरुप्पूर ही होय. सब्लिमेशनची छपाई पॉलिएस्टरवर व फिकट रंगावरच उठते; सुतीवर ती टिकत नाही. डीटीएफ दोहोंवर चालते, परंतु छातीभर छापल्यास त्या जागी हवा खेळत नाही व घाम गाळणाऱ्यास त्याचा त्रास होतो. म्हणून चिन्ह लहान ठेवावे. नवा माल घेताना एक नमुना छापून घरी चार-पाच वेळा धुऊन पाहावा. गिऱ्हाइकाने तक्रार आणण्यापूर्वी दोष आपणांस कळलेला बरा.

सीमाभागाच्या म्हणून दोन गोष्टी स्वतंत्रपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली लिपीची. येथे एकाच पोशाखावर मराठी, कानडी व इंग्रजी अशी तीन अक्षरवळणे येऊ शकतात. संगणकावर जोडाक्षरे फुटतात, काना-मात्रा सरकतात, आणि चुकीचे छापलेले नाव पुसता येत नाही. छपाईपूर्वी मजकुराचा नमुना मालकाकडून लेखी मंजूर करून घ्यावा व निम्मी रक्कम तरी आगाऊ घ्यावी.

दुसरी गोष्ट कराची. १९५६ च्या राज्य-पुनर्रचनेपासून निपाणी व कोल्हापूर ही एकाच महामार्गावरील, सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावरची गावे निरनिराळ्या राज्यांत आहेत. त्यामुळे निपाणीहून कोल्हापूरच्या जिमला पाठविलेला माल आंतरराज्य विक्रीत मोडतो व त्यावर आयजीएसटी लागतो. कंपोझिशन योजनेतील दुकानदारास असा माल परराज्यात विकता येत नाही. आणि नोंदणी नसलेल्यास, उलाढाल कितीही लहान असली तरी, अशा विक्रीपूर्वी नोंदणी करावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगास २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर कराचा दर ५ टक्के आहे. उत्साही तरुणांनी पहिली मागणी स्वीकारण्यापूर्वीच आपल्या कर-सल्लागारास विचारावे.

आणखी एक सावधगिरी. कोणी जिमच्या नावाशेजारी एखाद्या विख्यात कंपनीचे चिन्ह छापून मागेल. ते नाकारावे. ट्रेड मार्क्स ॲक्ट, १९९९ अन्वये खोट्या चिन्हाचा वापर हा तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे. आणि चार नगांच्या नफ्यासाठी पेढीची अब्रू पणाला लावणे हा व्यापार नव्हे.

हा व्यवसाय कोणास एका वर्षात श्रीमंत करील असे नाही. परंतु कापडाचे दुकान आधीच असलेल्या कुटुंबात, थोड्या भांडवलावर, मुलास वा सुनेस स्वतंत्र खाते उघडून देता येईल असा तो आहे. वडिलांनी मालाची पारख व उधारीचा संयम द्यावा, मुलांनी संगणक व नवी दृष्टी द्यावी. वखार भरलेली असणे हे एके काळी वैभवाचे लक्षण होते; ह्या व्यवसायात छापील मालाचे कपाट रिकामे असणे हेच शहाणपणाचे लक्षण समजावे.