फरशी घेताना चमक पाहू नका, पाय ठेवून पाहा



बंदीचे दिवस जवळ आले की आपल्या बोरगाव-सौंसर पट्ट्यात घरोघरी काम निघते. १६ जून ते १५ ऑगस्ट जाळं टाकायचं नसतं, डोंगा काठावर पडून असतो, माणसं घरी असतात. मग कोणी कवेलू फेरते, कोणी भिंती रंगवते, आणि आता तर बहुतेक घरी एकच विचार असतो: शेणानं सारवलेली जमीन काढू आणि टाइल्स बसवून टाकू.

विचार चांगलाच आहे. पण उन्हाळाभर नदीत-तलावात उभं राहून जमवलेला पैसा आपण दुकानात अर्ध्या तासात खर्च करतो, तोही फक्त चमक पाहून. दुकानात वर दिवे, खाली कोरडी जमीन, पायात चप्पल. तिथं प्रत्येक टाइल चांगलीच दिसते. घरी आल्यावर त्याच टाइलवर मासोळीचं पाणी सांडते, खवले पडतात, अनवाणी पाय ओले असतात. मग घरातली म्हातारी भिंतीला धरून चालते आणि म्हणते, "दिसाले लय चांगली हाय, पण पाय ठेवाले भेव वाटते."

हे भेव खोटं नाही. उतारवयात घसरून खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशन आलं, महिनोन्‌महिने अंथरूण आलं, आणि वाचवलेला सगळा पैसा दवाखान्यात गेला. म्हणून टाइल निवडणं हे शोभेच्या आधी जिवाचं काम आहे.

आधी खोली पाहा, मग टाइल

सगळ्या घराला एकच टाइल, हा हिशेब आपल्या घरांना चालत नाही. घराचे तीन भाग करा: कोरडा, ओला, आणि मासोळीचा.

बसायची-झोपायची खोली हा कोरडा भाग. इथं विट्रिफाइड टाइल चालते. ती पाणी जवळपास पीतच नाही, वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण आरशासारखी पॉलिश नको, मॅट घ्या. दुसरं कारण रेतीचं आहे. नदीची रेती आपल्या पायाला, जाळ्याला लागून घरात येते. ती काचेवरही ओरखडा पाडते, मग पॉलिशचं काय? दोन वर्षांत चालायच्या वाटेवरची चमक जाते आणि तेवढाच पट्टा मळका दिसतो.

न्हाणी आणि स्वयंपाकघर हा ओला भाग. इथं 'अँटी-स्किड' लिहिलेली, हाताला खरखरीत लागणारी लहान टाइल घ्या, एक फूट बाय एक फूट. लहान टाइलला ढाळ नीट देता येतो आणि सांधे जास्त असल्यानं पायाला पकड मिळते.

मागची मोरी किंवा अंगणाचा कोपरा, जिथं मासोळी सोलतो, धुतो, तो मासोळीचा भाग. मासोळीचा चिकटपणा आणि चरबी साध्या पाण्यापेक्षा जास्त धोक्याची. टाइलच्या घसरणीला 'आर' नंबर असतो, आर ९ ते आर १३. तेल ओतलेल्या फळीवर माणूस चालवतात, फळी तिरपी करत जातात, आणि किती तिरपी होईस्तोवर पाय टिकतो त्यावरून हा नंबर ठरतो. आर ९ म्हणजे कोरड्या खोलीपुरती. न्हाणीला निदान आर १०, मोरीला आर ११ किंवा वर. जर्मनीत मासोळी साफ करायच्या कारखान्यांना सगळ्यात वरचा आर १३ सांगितला आहे. आपलं घर कारखाना नाही, पण मासोळी तीच आहे. दुकानदाराला हा नंबर विचारा. सांगता आला नाही तर खालची परीक्षा स्वतः करा.

मोरीला टाइलच पाहिजे असंही नाही. बिनपॉलिशचा खरखरीत कोटा दगड तिथं चांगला टिकतो. फक्त एक ध्यानात ठेवा: कोटा चुनखडीचा दगड आहे. मासोळीला लावलेलं लिंबू, चिंच त्याच्यावर पडून राहिलं तर डाग पडतो. लगेच पाणी मारा.

दुकानात करायच्या चार परीक्षा

१. टाइल उलटी करा आणि पाठीवर पाण्याचे चार थेंब टाका. लगेच जिरले तर ती भिंतीची टाइल असू शकते. भिंतीची टाइल दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते आणि वजनाला कच्ची असते. स्वस्त मिळते म्हणून ती जमिनीला बसवू नका, भरलेला ड्रम ठेवला की तडकते.

२. दोन टाइल तोंडाला तोंड लावून ठेवा. मध्ये फट दिसली किंवा टाइल डुगडुगली तर ती वाकलेली आहे. अशी टाइल बसवल्यावर कोपरे वर येतात आणि ठेच लागते.

३. कोपरा फुटलेला तुकडा मागून पाहा. आतला रंग वरच्यासारखाच असेल तर चांगलं. जाळ्याचं शिसं पडून टवका उडाला तरी डाग दिसत नाही. वर नुसती छपाई असेल तर प्रत्येक टवका पांढरा दिसेल.

४. सगळ्यात मोठी परीक्षा घरी. एक नमुना मागून आणा. मोरीत ठेवा, त्यावर मासोळी धुतलेलं पाणी टाका आणि घरातल्या मोठ्या माणसाचा हात धरून त्यांना अनवाणी उभं करा. त्यांचा पाय सटकला तर ती टाइल फुकट मिळाली तरी नको.

हिशेब आणि डब्बे

दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट. कापण्या-फुटण्याचे दहा टक्के धरून १३२. दोन बाय दोनच्या चार टाइलच्या डब्ब्यात साधारण साडेपंधरा चौरस फूट बसते, म्हणजे ९ डब्बे. सगळे एकाच वेळी घ्या, आणि प्रत्येक डब्ब्यावरचा शेड व बॅच नंबर जुळवून घ्या. आपल्या देशातल्या बहुतेक टाइल्स गुजरातच्या मोरबीहून येतात. पुढच्या गाडीत तोच रंग येईल याची खात्री नसते. बिल पक्कं घ्या, उरलेल्या टाइल्स जपून ठेवा.

खालचं काम कच्चं, तर वरची टाइल वाया

आपल्याकडे काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात. त्याच मातीवर पातळ कोबा करून टाइल बसवली तर एका वर्षात चिरा पडतात. आधी काळी माती काढा, मुरूम भरा, पाणी मारून चोपा, मग कोबा. पैसे कमी पडत असतील तर टाइल साधी घ्या, पण मुरूम सोडू नका.

विट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या पाण्यावर नीट धरत नाही. तिला टाइलचा मसाला लागतो, जो पिशवीत मिळतो. मिस्त्री काम करून जायच्या आधी प्रत्येक टाइल बोटानं ठोका. पोकळ वाजली तर तिथंच काढायला लावा. न्हाणीला आठ फुटांना एक इंच ढाळ पुरतो, मोरीला चार फुटांना एक इंच ठेवा. बादलीभर पाणी ओतून पाहा, कुठंच साचायला नको.

सांध्यात मासोळीचं पाणी मुरलं की वास जात नाही. म्हणून पूर्ण घराला नाही तरी मोरीला इपॉक्सीचे सांधे भरा. महाग आहेत, पण पाणी पीत नाहीत. आणि न्हाणी-मोरी ॲसिडनं धुऊ नका, सिमेंटचे सांधे खाल्ले जातात.

शेवटी वेळेचं. बंदीत वेळ असतो, पैसा नसतो. त्यात पावसात ओल असते, खालचं वाळायला दिवस लागतात. म्हणून हाती पैसा आहे तेव्हा, मे महिन्यातच भरती आणि कोबा करून घ्या, टाइल्सचे डब्बे घरात आणून उभे ठेवा. बंदी लागली की बसवायचं काम घरच्या माणसांच्या डोळ्यांसमोर होईल.

आणि दुकानात जाताना घरातल्या बाईमाणसाला सोबत न्या. दिवसभर त्या फरशीवर उभं तिलाच राहायचं आहे.