दाताला भरण चिकटते कसे?

किडलेल्या दातात 'चांदी' भरतात, हे सर्वांनी ऐकलेले असते. ही चांदी म्हणजे पारा, चांदी, कथील व तांबे यांचे मिश्रण. ते दाताला चिकटत नाही. म्हणून खड्डा रांजणासारखा, तोंडाशी अरुंद व आत रुंद कोरावा लागतो. त्यात निरोगी दातही जातो. रेझिन व काचेची बारीक पूड यांपासून बनवलेले दातांच्या रंगाचे कंपोझिट मात्र चिकटवता येते. मग किडलेला भाग तेवढा काढला की पुरते.

हे कसे साधले? १९५५ साली अमेरिकेत मायकेल ब्युओनोकोर यांनी दाताच्या बाहेरच्या एनॅमलला फॉस्फोरिक आम्ल लावून पाहिले. एनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. आम्लामुळे त्यावर सूक्ष्म खाचा पडतात. पातळ रेझिन त्यांत शिरून घट्ट होते. टाचे मारलेल्या भिंतीवर गिलावा धरतो, तसाच हा प्रकार.

एनॅमलखालचे डेंटिन मात्र दाद देईना. त्यात खनिज सुमारे ७० टक्केच. उरलेले कोलॅजेनचे तंतू आणि पाणी. शिवाय दर चौरस मिलिमीटरला हजारो सूक्ष्म नलिका असून त्यांतून द्रव पाझरतो. रेझिनचे तर पाण्याशी वैर!

१९८२ साली जपानमध्ये नोबुओ नाकाबायाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की आम्लाने खनिज निघाल्यावर उरलेल्या कोलॅजेनच्या जाळीत रेझिन मुरू शकते. तंतू आणि रेझिन यांच्या या एकजीव थराला 'संकरित थर' म्हणतात.

पण ही जाळी कोरडी केली तर? पाण्यात पसरलेले शेवाळ बाहेर काढताच गोळा होते. (वर्गात अवश्य करून दाखवा.) जाळीही तशीच मिटते व रेझिनला वाट उरत नाही. म्हणून दंतवैद्य डेंटिन किंचित ओलसर ठेवतात आणि आधी एक द्रव लावतात. साबणाप्रमाणे त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याशी, दुसरे रेझिनशी जुळते.

बंधाची ताकद म्हणजे भरण सुटण्यास लागणारे बल भागिले चिकटलेले क्षेत्रफळ. प्रयोगशाळेत ती २० मेगापास्कल भरली, तर दर चौरस मिलिमीटरला सुमारे २ किलो भार पेलला असे समजावे. पण कंपोझिट घट्ट होताना आकारमानाने सुमारे २ ते ३ टक्के आकसते आणि बंधालाच ओढते. म्हणून ते पातळ थरांनी भरतात. पुढे पाणी व डेंटिनमधील विकरे संकरित थर झिजवतात. फट पडली की तेथे जंतू शिरतात. म्हणून भरलेला दातही रोज नीट घासायला हवा आणि अधूनमधून तपासून घ्यायला हवा.