शांतिनिकेतनची अल्पना आणि आपली रांगोळी

डिसेंबर उजाडला की गावोगावच्या कॉलेजांतून गॅदरिंगचे वारे वाहू लागतात. एखाद्या वर्गातली बाकं भिंतीला लावून चित्रांचं, भरतकामाचं, रांगोळ्यांचं प्रदर्शन मांडलं जातं. संध्याकाळी मांडवात नाच, गाणी, नाटुकली. मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणी ते पाहायला जातात? पोरासोरांचा कार्यक्रम, त्यात काय पाहायचं, असं म्हणून आपण कुकर लावायला वळतो. आणि आपलीच मुलगी नाचात असली, तर निम्मं लक्ष तिच्या पदन्यासाकडे नसतंच. शेजारच्या खुर्चीवरच्या काकू काय म्हणतात, इकडेच कान असतात!

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की आठवड्याभरात एक-दोन मुली गळतातच. चिठ्ठीत ‘अभ्यास मागे पडतो’ असं लिहिलेलं असतं. खरं कारण मुलगी मधल्या सुट्टीत हळूच सांगते, “बाई, घरचे म्हणतात, चारचौघांत नाचायचं नाही. ताईचं लग्न ठरायचंय ना!” अशा वेळी मला हटकून एका छोट्या कॉलेजाची आठवण होते. आज मी तुम्हांला त्याचीच हकिगत सांगणार आहे.

हे कॉलेज म्हणजे बंगालमधल्या बोलपूरजवळच्या शांतिनिकेतनातलं कलाभवन. रवींद्रनाथ टागोरांनी ते १९१९ साली सुरू केलं आणि पुढे त्याची धुरा चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे आली. आज विश्वभारती हे केंद्रीय विद्यापीठ आहे आणि २०२३ साली शांतिनिकेतनचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. पण त्या काळी सारा कारभार अगदी घरगुती होता. मूठभर विद्यार्थी, झाडाखालचे वर्ग आणि जवळ पैशाची चणचण! आपल्या कोल्हापूरकडचे विनायक मासोजी तिथं शिकायला गेले आणि तिथंच शिक्षक झाले.

या कलाभवनात शिकवणाऱ्यांमध्ये एक होत्या सुकुमारी देवी. लहान वयात वैधव्य आलेली बाई. पदवी नाही, प्रमाणपत्र नाही. पण हातात अल्पना होती आणि सुईदोरा होता. अल्पना म्हणजे बंगाली रांगोळीच म्हणा ना! आपण कोरडी रांगोळी चिमटीतून सोडतो. त्या तांदूळ वाटून पातळ पीठ करतात आणि त्यात भिजवलेल्या चिंधीच्या आधारानं बोटानं रेघ ओढतात. व्रतवैकल्याला बायकांनी उंबऱ्याशी, देवापुढे काढायची ही नक्षी. अवनींद्रनाथ टागोरांनी १९१९ साली बंगालच्या व्रतांवर पुस्तक लिहिलं, त्यात या अल्पनेचा मोठ्या मानानं विचार केला. नंदलालबाबूंनी तर सुकुमारी देवींना शिक्षिकेची जागाच दिली. विचार करा, घरात जिला कुणी ‘चार रेघा काढून दे गं’ म्हटलं असतं, तिच्यापुढे आता कलेचे विद्यार्थी बसू लागले!

मग शांतिनिकेतनात समारंभ म्हटला की अल्पना आलीच. वसंतोत्सव असो, १९२८ साली सुरू झालेला वृक्षारोपणाचा उत्सव असो की नाटक असो, जमिनीवर पांढऱ्या रेघांची वेलबुट्टी उमटायची. सजावटही तशीच साधी. रंगवलेले भपकेबाज पडदे नाहीत. साधं कापड, पानं, फुलं आणि अल्पना. आपल्याकडे गॅदरिंगला हजारो रुपयांचा मांडव आणि झगमगीत भाड्याचे पोशाख आणतात, तेव्हा हे मुद्दाम आठवावं.

आता नाचाकडे येते. १९२६ साली रवींद्रनाथांच्या वाढदिवशी तिथं ‘नटीर पूजा’ हे नाटक झालं. सगळी कामं मुलींची. कथा बुद्धाच्या काळची. स्तूपापाशी पूजा करायला राजाची बंदी आहे. राजवाड्यातली नर्तिका श्रीमती बुद्धाची भक्त. तिला मुद्दाम हिणवण्यासाठी हुकूम होतो, त्याच स्तूपापुढे नाच! ती नाचते; पण नाचता नाचता एकेक दागिना उतरवून टाकते आणि शेवटी नर्तिकेच्या वेषाखालून भिक्षुणीचं वस्त्र दिसू लागतं. नाच हीच तिची पूजा ठरते आणि त्यापायी तिला प्राण गमवावे लागतात. ही श्रीमती झाली होती नंदलालबाबूंची मुलगी गौरी. तेव्हा ती विशीच्या आतबाहेरची होती. म्हणजे लग्नाच्या वयाची!

शांतिनिकेतनात घरचाच प्रेक्षक. पण जानेवारी १९२७ मध्ये हेच नाटक कोलकात्याला, टागोरांच्या जोडासांकोच्या वाड्यात करायचं ठरलं. भल्या घरच्या मुलींनी शहरातल्या लोकांपुढे नाचायचं म्हणजे टीका होणार हे उघड होतं. मुळात नाटकात एकही पुरुषपात्र नव्हतं. पण कोलकात्याच्या प्रयोगासाठी रवींद्रनाथांनी उपाली नावाच्या भिक्षूची भूमिका मुद्दाम घातली आणि ती स्वतः केली. पासष्ट वर्षांचा, जगभर मान मिळालेला माणूस त्या मुलींच्या बरोबर रंगमंचावर उभा राहिला. ‘तुम्ही व्हा पुढे, मी आहे’ असं तोंडानं म्हणणं निराळं आणि बरोबर उभं राहणं निराळं, नाही का?

आपल्या मराठी रंगभूमीवर त्या सुमारास बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांचं गारूड होतं. ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी कामं केली, ती १९३३ साली. म्हणजे ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न बंगालीही होता आणि मराठीही!

पुढे शांतिनिकेतनात ‘चित्रांगदा’ (१९३६), ‘चंडालिका’ (१९३८) अशा नृत्यनाटिका आल्या. रवींद्रनाथांच्या सूनबाई प्रतिमा देवी यांचा नृत्याच्या बसवणुकीत मोठा वाटा होता. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांच्या आई अमिता सेन याही टागोरांच्या नृत्यनाटिकांतून नाचलेल्या. त्यांचा लेक पुढे हे अभिमानानं सांगत आला. आज आपण ज्या मुलीला स्टेजवरून खाली ओढतो, तिची मुलं उद्या काय सांगतील, याचाही विचार करावा.

आणि गौरीचं काय झालं? लग्न झालं. ती गौरी भंज झाली, संसार झाला. पण हातातली कला सुटली नाही. तिनं कलाभवनात अनेक वर्षं अल्पना, बाटिक आणि इतर हस्तकला शिकवल्या. रवींद्रनाथ १९२७ साली जावा-बालीला गेले, तेव्हा बाटिकचे नमुने शांतिनिकेतनात आले होते. मेण लावून रंगवलेल्या बाटिकच्या साड्या पुढे आपल्याकडेही घरोघर पोचल्या. त्यामागे या कलाभवनाचे हात आहेत बरं का! भारताच्या संविधानाची हस्तलिखित प्रत नंदलालबाबू आणि त्यांच्या शिष्यांनी सजवली, त्या मंडळींत गौरी आणि तिची बहीण जमुना सेन याही होत्या. देशाच्या संविधानाला नक्षीची किनार लावणारे हात घरच्या अल्पनेवर फिरलेले होते!

महाराष्ट्रालाही नंदलालबाबूंच्या कामाचा प्रसाद मिळाला आहे. १९३६ साली खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन. गांधीजींच्या इच्छेनुसार त्याची सजावट नंदलालबाबूंनी केली, ती बांबूसारख्या तिथं मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून.

१९७३ पासून नंदलालबाबूंच्या जन्मदिवसाच्या आधी, १ आणि २ डिसेंबरला कलाभवनात ‘नंदन मेळा’ भरू लागला. विद्यार्थी आणि शिक्षक आपली चित्रं, मातीची भांडी, दागिने, कॅलेंडरं स्वतः मांडून विकतात आणि पैसा गरजू विद्यार्थ्यांच्या मदतनिधीला जातो. ही कल्पना आपल्या गावच्या कॉलेजालाही सहज जमण्यासारखी आहे.

यंदा एवढं करून पाहा. गॅदरिंगच्या प्रदर्शनाला जा, आणि एकट्या जाऊ नका. सासूबाईंना, शेजारणीला बरोबर घ्या. चित्रापाशी मुलगी उभी असेल तर ‘छान आहे’ म्हणून पुढे सरकू नका. रंग कसा केला, किती दिवस लागले, हे तिला विचारा. एखादी छोटी वस्तू विकाऊ असेल तर तिनं सांगितलेली किंमत द्या. भाजीसारखी घासाघीस नको. मुलगी नाचात असेल तर एकदा तालीम पाहून या. कपडे, गाणं, परतायची वेळ यांबद्दल शंका असेल तर बाईंना मोकळेपणानं विचारा. पण तिचं नाव काढून घेऊ नका.

आणि हो, घरी अल्पनाही काढून पाहा. वाटीभर तांदूळ दोन-तीन तास भिजत घाला, गंधासारखे मऊ वाटा आणि पाणी घालून ताकाइतके पातळ करा. स्वच्छ सुती चिंधी त्यात बुडवून हातात धरा आणि हलकेच दाबत, अनामिकेवरून ओघळू देत रेघ ओढा. ओली असताना रेघ पुसट दिसते. वाळली की पांढरी शुभ्र उठते. शहाबादी फरशीवर तर फारच खुलते. सुरुवातीला ओघळ येतील, येऊ देत. मुलीला शेजारी बसवा. आणि कॉलेजात, शाळेत प्रदर्शनासाठी ‘रांगोळी कोण काढेल?’ अशी विचारणा झाली, तर ‘आम्हांला काय येतंय’ म्हणू नका. आपलं नाव द्या.