सर्क्युलेटर चिपवर का बसत नाही?

आता रडारचं बघा. पाठवायला आणि ऐकायला बहुतेकदा अँटेना एकच. पाठवायची शक्ती थेट रिसीव्हरमध्ये शिरली, तर तो जळेल. म्हणून मध्ये तीन तोंडांचा सर्क्युलेटर: पहिल्यातली लहर दुसऱ्याकडे, दुसऱ्यातली तिसऱ्याकडे, उलट वाट बंद. ही एकेरी वाहतूक घडवते चुंबकाखालची फेराइटची चकती. तिच्यातले इलेक्ट्रॉनांचे स्पिन भोवऱ्यासारखे एकाच दिशेनं डोलतात, त्यामुळे उजवीकडे आणि डावीकडे फिरणाऱ्या लहरींना वेगवेगळी वागणूक मिळते.

मग अ‍ॅम्प्लिफायरसारखा हाही गॅलियम आर्सेनाइडच्या चिपवरच का बनवत नाहीत? अहो, गार्नेट फेराइट १,००० अंश सेल्सिअसच्या बरंच वर भाजावं लागतं. तेवढ्या आचेत चिपमधलं आर्सेनिक उडूनच जाईल! शिवाय चुंबकाला जागा हवी ती वेगळीच. म्हणून चकती बाहेर भाजून, घासून, मग चिपशेजारी बसवतात.