पडद्यावरील मोंढा

मोंढ्यात लिलाव पुकारला जात असताना बीडच्या व्यापाऱ्याला कोणताही शब्द समजावून सांगावा लागत नाही. आडत, हमाली, तोलाई, मुदत हे शब्द त्याच्या कानावर बालपणापासून पडलेले असतात आणि कोणत्या शब्दामागे किती पैसे जातात, हेही त्याला ठाऊक असते. तोच व्यापारी 'एसईओचे पॅकेज' घेऊन आलेल्या तरुणासमोर बसला की केवळ मान डोलावतो. पुण्यात शिकलेला मुलगा सांगतो म्हणून दरमहा रक्कम सुरू होते. जेथे सुतळीच्या बंडलाचाही खर्च वहीत चढतो, त्या पेढीवर हा एकच खर्च न समजता लिहिला जातो. वास्तविक या शब्दांत व्यापाऱ्याला अपरिचित असे फार थोडे आहे.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये गूगल कंपनी स्थापन केली. तिची संगणकीय यंत्रणा इंटरनेटवरील पाने अखंड वाचत फिरते. या फिरण्यास 'क्रॉलिंग' म्हणतात. वाचलेल्या पानांची विषयवार नोंद म्हणजे 'इंडेक्सिंग'. रोजकीर्दीवरून खतावणी तयार करण्यासारखेच हे काम आहे. ग्राहक शोध घेतो तेव्हा यंत्र ही खतावणी उघडते; त्या क्षणी सारे इंटरनेट चाळत बसत नाही. म्हणून ज्या दुकानाचे पान खतावणीत चढलेच नाही, ते कितीही सुंदर असले तरी शोधात दिसत नाही. आपले पान यंत्राला नीट वाचता यावे आणि ग्राहकाच्या प्रश्नाला जुळावे, यासाठी केलेली सुधारणा म्हणजे 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन', अर्थात एसईओ.

कोणते पान वर ठेवायचे, हे ठरविताना पेज यांच्या नावावरून 'पेजरँक' म्हणून ओळखली गेलेली पद्धत साखेवर आधारलेली होती. एका संकेतस्थळाने दुसऱ्याचा दुवा दिला, की ती शिफारस होते, हीच 'बॅकलिंक'. शिफारस करणारा स्वतः पतीचा असेल तर तिचे वजन अधिक. हुंडीचा व्यवहार पाहिलेल्या घराण्यांना हे निराळे सांगायला नको. पैसे देऊन शेकडो बॅकलिंक मिळवून देऊ, असे कोणी म्हणत असेल तर ती मात्र विकतची साक्ष होय. गूगलच्या नियमांत ती बसत नाही.

ग्राहक शोधताना जे शब्द वापरतो, ते 'कीवर्ड'. येथे बीडची स्वतःची एक अडचण आहे. इंग्रजीत या गावाचे नाव आज डबल ई घालून लिहितात. जुन्या कागदपत्रांत ते बी-आय-डी असे आढळते आणि इंग्रजीत त्याच अक्षरांचा अर्थ लिलावातील बोली! आष्टी-कडा भागातील व्यापाऱ्यांची ये-जा ज्या नगरशी, ते 2024 मध्ये अहिल्यानगर झाले; औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर 2023 मध्ये झाले. पण जुनी नावे लोकांच्या जिभेवरून आणि म्हणून शोधातूनही गेलेली नाहीत. कीवर्डची निवड व्यापाऱ्याने स्वतःच करावी हे बरे. गिऱ्हाईक गल्ल्यासमोर उभे राहून 'लग्नाचा बस्ता' म्हणते की 'वेडिंग कलेक्शन', हे पॅकेजवाल्यापेक्षा त्यालाच अधिक ठाऊक असते.

शोधाच्या निकालात दोन प्रकारच्या जागा असतात. पानाच्या गुणवत्तेवर मिळणारी जागा 'ऑरगॅनिक'. पैसे देऊन मिळालेल्या जागेवर 'प्रायोजित' अशी खूण असते. गूगलने ही जाहिरात-योजना 2000 मध्ये सुरू केली. प्रत्येक शोधाबरोबर तेथे क्षणार्धात लिलाव होतो. मात्र मोंढ्यातील लिलावाहून त्यात एक फरक आहे: सर्वांत मोठी बोली नेहमी जिंकत नाही, कारण जाहिरात ग्राहकाच्या प्रश्नाला किती जुळते हेही पाहिले जाते. पैसे बहुधा दिसण्याचे नव्हे, तर ग्राहकाने बोट लावल्याचे द्यावे लागतात. तीच 'कॉस्ट पर क्लिक'.

बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बालाघाटच्या डोंगरातील हे फळ पुण्या-मुंबईस पाठविणाऱ्याचा हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. एसईओचा परिणाम दिसण्यास चार महिने ते वर्ष लागू शकते, असे गूगलचेच मार्गदर्शन सांगते. दसऱ्याच्या तोंडावर एसईओवर पैसे घालणे म्हणजे फळ हवे तेव्हा रोप लावणे होय. त्या वेळी जाहिरातच उपयोगी पडते. पानाचे काम उन्हाळ्यात व्हायला हवे.

आता हिशेब. एजन्सीचा मासिक अहवाल 'इंप्रेशन'च्या आकड्याने सुरू होतो. समजा, एका कापड दुकानाने जाहिरातीवर 6,000 रुपये खर्चले. जाहिरात 50,000 वेळा दिसली, हे इंप्रेशन. 750 जणांनी ती उघडली, म्हणजे 'क्लिक थ्रू रेट' दीड टक्का आणि प्रत्येक क्लिक आठ रुपयांना पडली. त्यातून 30 जणांनी फोन केला आणि 12 जणांनी खरेदी केली. ही खरेदी म्हणजे 'कन्व्हर्जन'. एक ग्राहक 500 रुपयांना पडला. सरासरी बिल 2,000 रुपयांचे आणि नफा 15 टक्के, तर हाती 300 रुपये येतात. प्रत्येक ग्राहकामागे 200 रुपये तोटा! तो ग्राहक वर्षातून तीनदा येणारा असेल तर गणित बदलते, हे खरे. पण पन्नास हजारांच्या आकड्यावर समाधान मानणाऱ्याला ते कधी कळणारच नाही. जाहिरातीच्या बिलावरील 18 टक्के जीएसटीची वजावट मिळण्यासाठी खात्यात पेढीचा जीएसटी क्रमांक नोंदलेला हवा, हेही अनेकदा राहून जाते.

स्थानिक दुकानदाराला सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट मात्र विनामूल्य आहे. नकाशावर दिसणारे 'गूगल बिझनेस प्रोफाइल' आणि त्याची पडताळणी यांना शुल्क नाही. 'गूगलमधून बोलतो, पैसे भरा, नाहीतर दुकान नकाशावरून जाईल' असा फोन आल्यास तो खुशाल बंद करावा. जवळच्या दुकानांचा क्रम सुसंगती, अंतर आणि ख्याती यांवर ठरतो. पैसे देऊन तो बदलता येत नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलने स्पष्ट सांगितले आहे.

या प्रोफाइलवर 'मालक' आणि 'व्यवस्थापक' असे दोन अधिकार असतात. मालकीत एजन्सीचा ईमेल आणि दुकानदार कोठेच नाही, असे झाल्यास संबंध बिघडल्यावर वर्षानुवर्षांचे अभिप्राय, फोटो, फोन क्रमांक सारेच परक्या कपाटात अडकते. संकेतस्थळाच्या नावाचेही तसेच. ते कोणाच्या नावे नोंदले आहे, हे दस्तऐवजाप्रमाणे पाहून घ्यावे. न्यासापहाराचा दोष ठेव बुडविणाऱ्याला लागतो. पण ठेव कोणाकडे ठेवली, हे विसरण्याचा दोष ठेवणाऱ्याचाच.

अभिप्रायांविषयी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. नातेवाइकांकडून, कामगारांकडून किंवा पैसे देऊन पाच तारे लिहवून घेणे सर्रास चालते. भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक 2022 मध्ये आणले, ते उगाच नव्हे. श्रावकाला मात्र त्यासाठी ब्यूरोपर्यंत जाण्याची गरज नाही. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटे लेखन, नावानिशी सांगितलेली आहे. न घेतलेल्या साडीची स्तुती त्याहून वेगळी कशी मानावी?

प्रोफाइलमध्ये 'विशेष वेळा' नावाचा एक रकाना आहे. संवत्सरीला पेढी बंद असते, तरी पडद्यावर ती उघडी दिसत राहते आणि गेवराईहून आलेले गिऱ्हाईक बंद शटरसमोर उभे राहते. पर्युषण सुरू होण्यापूर्वी तेवढी एक नोंद करून ठेवावी. दोन मिनिटांचे काम आहे आणि त्यासाठी कोणतेही पॅकेज लागत नाही.