आडनाव सोडा, धंदा धरा

माझं सासर स्वीडनमधलं. सासूबाईंच्या माहेरचं कूळ धुंडाळायला बसले, तर एकाच पंचक्रोशीत आन्देर्स पेर्सोन नावाची माणसं ढिगानं. आपण वडिलांचं नाव मधे लावतो, तिथल्या खेड्यांत तेच आडनावाच्या जागी यायचं. पेरचा मुलगा पेर्सोन, आणि आन्देर्सच्या मुलाचं आडनाव मग आन्देर्सोन. दर पिढीला आडनाव नवं. अशा वेळी माणूस ओळखायचा तो त्याच्या धंद्यावरून.

1686च्या चर्च कायद्यानं पाद्र्यांना घरोघरच्या लोकांची धर्मज्ञानाची परीक्षा घेऊन नोंदी ठेवायला लावलं. त्या वह्यांत नावाअलीकडे धंदा लिहिलेला असतो. ‘द्रेंग’ म्हणजे गडी, ‘पीगा’ म्हणजे मोलकरीण. ‘तोर्पारे’ दुसऱ्याच्या जमिनीचा तुकडा कसायचा आणि खंडापोटी मालकाकडे राबायचा. ‘स्तातारे’ सालगडी, मजुरी बरीचशी धान्यादुधाच्या रूपात. ही पद्धत 1945 साली बंद झाली. सासूबाईंना पूर्वजांत कुणी सरदार निघेल अशी आशा होती. निघाले सगळे तोर्पारे. मला मात्र तेच आवडले, कारण त्यांचा माग लागतो.

शिपायांचं वेगळंच. 1682पासून गावागावांवर शिपाई पोसायची जबाबदारी आली, आणि त्यांना रास्क (चपळ), स्तोल (पोलाद) अशी आटोपशीर नावं मिळाली. एक शिपाई गेला की जागेवर आलेल्या नव्यालाही कधी तेच नाव. म्हणून दोन रास्क दिसले की भाऊबंद समजू नये.

खरी मौज शहरी कारागिरांत. त्यांच्या संघांना ‘स्क्रो’ म्हणत, आणि 1720च्या नियमावलीनं त्यांचा कारभार बांधून दिला होता. पोरगा उमेदवार म्हणून लागायचा, मग ‘येसेल’ म्हणजे शिकून तयार झालेला कारागीर व्हायचा. येसेल काम शोधत शहरोशहरी फिरायचे. त्यामुळे एखादा पूर्वज गावच्या वहीतून अचानक नाहीसा झाला, तर मेला असं धरून चालू नका. कुठल्यातरी शहरातल्या संघाच्या दप्तरात बघा. उमेदवाराच्या नोंदीत बापाचं नाव किंवा मूळ गाव सापडलं, तर तुटलेला धागा तिथेच जुळतो. पुढे परीक्षेचं काम करून दाखवलं आणि जुन्या उस्तादांनी ते पसंत केलं, तर तो स्वतः उस्ताद, म्हणजे ‘मेस्तारे’. त्याला शहराचं नागरिकत्वही घ्यावं लागे, म्हणून त्याची नोंद नगरपालिकेच्या कागदांतही असते. उस्ताद वारला तर विधवेला कारागीर ठेवून कारखाना चालवता येई. एखाद्या येसेलनं तिच्याशीच लग्न लावलं, की दुकान आणि संसार दोन्ही एकदम!

तारीख मात्र आधी बघा. 1846 साली हे संघ मोडीत निघाले, 1864 साली धंद्याला पूर्ण मोकळीक मिळाली. त्यानंतरचा मेस्तारे संघाची परीक्षा देऊनच झाला असेल असं नाही. खेड्यातला शिंपी किंवा जोडे शिवणाराही या शहरी दप्तरांत सहसा सापडत नाही. त्याच्यासाठी गावच्याच वह्या. बायकांच्या बाबतीत संघांची दप्तरं कंजूष आहेत. उस्तादाची विधवा दिसते, त्याच्या घरातली पीगा दिसत नाही.

स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं चर्चच्या जुन्या वह्या इंटरनेटवर फुकट खुल्या केल्या आहेत. कुणाला असं कूळ शोधायचं असेल, तर पूर्वजाचं जन्मगाव आणि जन्मतारीख हाताशी घेऊन बसा. नुसत्या पेर्सोनवर काही हाती लागणार नाही.